आवाज न येणारं घर

संध्याकाळी सातला ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजला, की आमच्या बोरमाळात टीव्ही बंद, मोबाइल बंद आणि पोरांची तोंडं सुरू. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत गावानं गप बसायचं आणि पोरांनी अभ्यास करायचा. ही कल्पना हायस्कूलच्या हेडसरांची. सर साताऱ्याकडचे. कवठे महांकाळच्या या कोरड्या पट्ट्यात आले तेव्हा पोरं शाळेत टिकेनात, आठवीनववीतच कंटाळायला लागलेली. सर म्हणाले, पोरांना नुसतं 'अभ्यास कर' म्हणून चालत नाही, सगळं गाव त्यांच्यासाठी थांबलंय हे त्यांना दिसलं पाहिजे. बोलणं पटण्यासारखं होतं. गावानं टाळ्या वाजवल्या.

पण गाव खरंच थांबतंय का, हे बघायला कुणीतरी पाहिजे. म्हणून गल्लीला एक बाई नेमली. आमच्या गल्लीला मी. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकतात आणि भांडी पालथी पडतात. बाकीच्या बायकांचा सातला भाकरीवर हात असतो.

"कीर्तीवैनीला काय काम असतंय त्या टायमाला?" भामाबाईनं भर सभेत विचारलं आणि माझी नेमणूक झाली. शेजारच्या गल्लीला भामाबाई स्वतः. तिच्या घरी सून आहे.

मला हे काम आवडलं, खोटं कशाला सांगू. मी सातवीतून निघालेली बाई. पुढं जे शिकले ते पुडीच्या कागदांवरून आणि वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांवरून. शाळेच्या कामात मला कुणी विचारलं, हेच मोठं होतं. त्यात माझा स्वभाव मुळात संशयी. दुधात पाणी, मापात खोट, पाहुण्याच्या बोलण्यात हेतू, हे मला आधी दिसतं. दार वाजवायचं, आत जायचं आणि टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचा. गरम लागली, की पकडले. एकीनं हुशारी करून टीव्हीवर ओला टॉवेल टाकून ठेवला होता. मी म्हटलं, "का गं, ताप आलाय व्हय त्येला?"

टीव्ही बंद आहे हे हाताला कळतं. पोरगं अभ्यास करतंय हे कशाला कळणार? त्यावर सभेनंच तोडगा काढला. पोरांनी मोठ्यानं वाचायचं. आवाज आला म्हणजे अभ्यास चालू. ज्या घरात शाळेचं पोर आहे आणि आवाज नाही, त्या घराचं नाव शनिवारी ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून पुकारायचं. एकदा नाव पुकारलं गेलं, की दुसऱ्या दिवशी त्या घरातली म्हातारीसुद्धा मोठ्यानं वाचायला लागायची.

माझ्या आर्जवचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. आठवीत आहे. मागच्या खोलीत बसून असा खणखणीत वाचायचा, की मी गल्लीतून जाताना उगीच पाय सावकाश टाकायची, म्हणजे बरोबरच्या बाईला नीट ऐकू जावं.

आणि आमच्याच पाठीला, मधे एक अरुंद बोळ सोडून, मेहरुनबीचं घर. तिचा नवरा जैनुद्दीन मिरजेत सतारी करणाऱ्यांकडं कामाला, आठवड्याला येतो. मुलगी अर्फा, आर्जवच्याच वर्गात. त्या घरातून भोंगा वाजल्यापासून दुसरा भोंगा होईपर्यंत आवाज म्हणून नाही. दिवासुद्धा बारका.

"अर्फा वाचत न्हाई का?" मी दारातूनच विचारायची.

"वाचतीया की. मनात," मेहरुनबी दार अर्धंच उघडून सांगायची.

"मोठ्यानं वाचायचं ठरलंय."

"तिचा घसा बसलाय, वैनी."

बसलेला घसा महिनाभर उठला नाही. दाराच्या फटीतून मला गोडसर वास यायचा आणि काहीतरी जमिनीवरून सरकवल्याचा आवाज. मी भामाबाईला म्हटलं, "त्या घरात कायतरी चालतंय." भामाबाई म्हणाली, "मोबाइल. दुसरं काय असणार? आवाज बंद करून बघत्यात मायलेकी." मला ते लगेच पटलं. वाईट गोष्ट मला लगेच पटते. तरी शाळेच्या वहीत 'आवाज येत नाही' एवढंच लिहून, कर्ण्यावर नाव द्यायचं मी टाळत होते. शेजार आहे. ईदला तिच्याकडून आमच्यासाठी कोरडा मेवा वेगळा काढून येतो, दिवस असतानाच.

मग चाचणीचे मार्क लागले आणि पालकांना बोलावणं आलं. माझे यजमान नेमिनाथ, त्यांचं कवठ्यात किराणा दुकान. ते दुकान बंद करून आले, यावरूनच मी घाबरले होते.

हेडसरांनी दोन पेपर पुढं ठेवले. "आर्जवला घरी दिलेली सगळी गणितं बरोबर असतात. एकसुद्धा चुकत नाही. आणि चाचणीत तीन मार्क. वहिनी, घरी कोण सोडवून देतं?"

"कोण देणार? मी सातवी," मी म्हटलं.

नेमिनाथांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी गुपचूप बी.एस्सी. केलीय.

"आणि हे बघा," सर म्हणाले, "ती अर्फा. तुमच्याच रिपोर्टमध्ये 'आवाज येत नाही' लिहिलेलं घर. विज्ञान आणि इतिहासात वर्गात पहिली. मला काही समजत नाही."

समजत मलाही नव्हतं, पण संशय यायला समजावं लागतं असं कुठं आहे!

घरी येऊन नेमिनाथ चपला काढायच्या आधीच बोलले. "सहामाहीत गणितात पास झाला तर हितं ऱ्हाईल. न्हाईतर दिवाळीनंतर सांगलीला बोर्डिंगात. मी बोलून ठेवतो."

"आठवीचं पोरगं हाय ते."

"मी पाचवीत गेलतो. आणि चुलत्याचं पोरगं पाचगणीला हाय, कसं फाडफाड इंग्रजी बोलतंय बघितलंस न्हवं?"

बोर्डिंग वाईट असतं असं मी म्हणणार नाही. आमच्या समाजातली निम्मी शिकलेली माणसं तिथूनच निघालीत. नेमिनाथही तिथलेच. पण तिथून शिकून आलेले माझे यजमान जेवताना बोलत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, ताटावर बसले की खाली बघून जेवतात, कुणी तरी घंटा वाजवणार असल्यासारखे. आर्जव मात्र जेवताना इतका बोलतो, की भाकरी गार होते. ते बोलणं मला सोडायचं नव्हतं. एवढंच माझं म्हणणं होतं आणि एवढं कारण नवऱ्यापुढं ठेवता येत नाही.

तेव्हा मी ठरवलं, की आपणच शोध लावायचा.

पहिली गोष्ट सापडली ती केर काढताना. आर्जवच्या खिडकीखाली बेदाण्याचे देठ. बारके, काडीसारखे. एक बेदाणा चिरडून फरशीला चिकटलेला. आमच्या घरात बेदाणा आहे, पण तो डब्यात, आणि डबा माझ्या डोक्यावरच्या फळीवर. शिवाय तो निवडलेला असतो, त्याला देठ नसतात. हे पोरगं रात्रीचं बेदाणे खातं? दिवस मावळल्यावर? गणितात तीन मार्क हा एक गुन्हा झाला, हा दुसरा. मी देठ उचलून कागदात बांधून ठेवले. टीव्हीवर पोलीस तसंच करतात.

दुसरी गोष्ट भांडी घासताना. हात राखेत, आणि तोंडातून आपोआप निघालं, "विहिरीतली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी वाटते, कारण पाणी तिला खालून वर ढकलत असते. पाण्याबाहेर येताच ती जड होते." मी थांबले. हे मला पाठ कसं? गल्लीतून ये-जा करताना ऐकलेलं. पण एकदा ऐकून पाठ व्हायला मी काय अर्फा आहे? आठवायला लागले. हा धडा सोमवारी ऐकला. परवा ऐकला. काल तर दोनदा. आठवीच्या पुस्तकात बादलीशिवाय दुसरं काही नाही?

त्या संध्याकाळी भोंगा झाला आणि मी गल्लीत न जाता परसात गेले, बंबाच्या आडोशाला. तिथून बोळाचा एक तुकडा दिसतो. आर्जवची खिडकी दिसत नव्हती, पण समोरची, अर्फाची, दिसत होती. आर्जवचा आवाज खणखणीत चालू होता. बादलीच. आणि समोरच्या खिडकीत दिव्यापुढं दोन हात.

आधी तीन बोटं वर झाली. मग हात आडवा. मग खाली पाच बोटं, नंतर दोन.

चौदा वर्षांची पोरं. खिडकीतून खिडकीत खुणा. तोंडानं बादली आणि हातानं हे! तीन म्हणजे तीन वाजता. आडवा हात म्हणजे आडवा रस्ता, स्टँडचा फाटा. पाच आणि दोन सात. सात काही बसेना, पण दोन खुणा बसल्या होत्या आणि मला तेवढ्या पुरे होत्या. दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणजे उद्याच.

रात्री मी काही बोलले नाही. नेमिनाथांना कळलं असतं, तर दिवाळीची वाटसुद्धा बघितली नसती. आणि मेहरुनबीच्या पोरीचं नाव गावात कुणाच्या तोंडी लागलं असतं, तर तिची शाळा दुसऱ्या दिवशी बंद. दोन्ही मला नको होतं. मला पोरगं घरात पाहिजे होतं आणि ती पोरगी शाळेत.

रविवारी तीनला मी स्टँडच्या फाट्यावर, डोक्यावरून पदर ओढून उभी. आर्जव आला नाही. अर्फा आली नाही. भामाबाई आली.

"काय गं, कुणाची वाट बघतीस?"

"कुणाची न्हाई."

"मग उन्हात हितं?"

"एस.टी. बघाय आले."

"आजपातूर बघितली न्हाईस व्हय?" भामाबाईनं माझ्या हातात पिशवी आहे का ते बघितलं, पाठीमागं कोण उभं आहे का ते बघितलं, आणि गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं, की कीर्तीवैनी नवऱ्याशी भांडून माहेरी निघाली होती. घरी येऊन बघते तर आर्जव पालथा पडून झोपलेला, पाय नेहमीसारखा अंथरुणाबाहेर.

सोमवारी भोंगा वाजला आणि मी बोळातच शिरले. बोळातून गटार जातं, त्याच्या कडेनं पाय सरकवत दोन्ही खिडक्यांच्या मधे, भिंतीला पाठ लावून, खाली बसले. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं बसू नये तशी. वर माझ्या लेकाचा आवाज.

"…पाण्याबाहेर येताच ती जड होते. म्हणून…"

टप्. माझ्या डोक्यावर एक बेदाणा पडला.

"लय पळवतोस," समोरच्या खिडकीतून अर्फा कुजबुजली. "'म्हणून'च्या आधीचं परत वाच. सावकाश."

"किती येळा गं? तोंड दुखायला लागलं."

"मग गणितं नको का?"

"वाचतो, बाई." आणि परत बादली विहिरीत गेली. यावेळी सावकाश. वाचून झाल्यावर आर्जव हळूच म्हणाला, "आता दे की. पाचवं."

मी वर बघितलं. अर्फाचे हात खिडकीत आले. चार बोटं वर, हात आडवा, नऊ बोटं खाली. आर्जवची पेन्सिल कागदावर घासली.

"चार छेद नऊ?"

"व्हय. सहावं थांब, करून सांगते."

अपूर्णांक. रविवारी उन्हात उभी राहिले ती अपूर्णांकासाठी!

मी गुडघ्यावर हात देऊन उभी राहिले. दोन खिडक्यांच्या मधे एकदम माझं डोकं आलेलं बघून अर्फा "या अल्ला!" म्हणून मागं सरकली, आणि तिच्या मांडीवरचं ताट खणकन पडलं. बेदाणेच बेदाणे. आर्जवनं मला बघितलं, पण तोंडाला इतकी सवय झालेली, की तो माझ्याकडं बघतच म्हणाला, "विहिरीतली बादली पाण्यात असेपर्यंत…" आणि मग थांबला.

"बोल की," मी म्हटलं. "फुडचं मला बी येतंय."

अर्फाच्या मागून मेहरुनबी धावत आली. तिनं आधी ताटापुढं आडवं व्हायचं बघितलं. मी ताट बघितलंय हे कळल्यावर तिचा चेहरा पडला. एका अंगाला कच्च्या बेदाण्याचं भरलेलं क्रेट, दुसऱ्या अंगाला निवडलेल्याचा ढीग, आणि मधे काळे आणि देठ. गोड वास कसला ते आता कळलं.

"घाला, घाला कर्ण्यावर," ती म्हणाली. "पोरीला कामाला लावती म्हणून सांगा गावाला. मला संध्याकाळचं देठ दिसत न्हाई, वैनी. डोळ्यांपुढं धुकं येतंय. सकाळी व्यापाऱ्याचा माणूस क्रेट न्यायला येतोय. आवाज काढून वाचली तर हात थांबत्यात तिचं. मग मी काय करू?"

"ती शिकती कवा मग?"

"आर्जव वाचतो ना," अर्फा खालच्या मानेनं म्हणाली. "मी ऐकते. नजर बेदाण्यावर, कान तिकडं. काही ऐकायचं राहिलं तर बेदाणा मारते, तो परत वाचतो. गणित मला डोक्यात करता येतं, ते मी त्याला देते."

म्हणजे माझं पोरगं गावाला ऐकू जाईल असं वाचत होतं, ते त्या पोरीसाठी. आणि ती बिनआवाजाची पोरगी विज्ञानात पहिली येत होती. मला अभिमान वाटावा की राग यावा, हे ठरेना. पण तिची उत्तरं उतरून घेणारी त्याची पेन्सिल माझ्या कानातून जाईना.

"आणि तू?" मी लेकाकडं वळले. "तिनं बोटं दाखवायची आणि तू उतरायचं? सहामाहीत बोटं कोण दाखवणार हाय? मार्क पडलं न्हाईत तर तुझा पप्पा तुला बोर्डिंगात घालतोय, म्हाईत हाय न्हवं?"

"म्हाईत हाय."

"मग शिकून का घेत न्हाईस तिच्याकडनं?"

"खुणा करून कसं शिकवणार ती? मोठ्यानं बोलली तर कोण कुणाशी बोलतंय बघायला तू येतीस."



"मग मला विचारायचं," मी म्हटलं, काहीतरी म्हणायचं म्हणून.

"तुला कवा विचारू? भोंगा झाला की तू बाहीर. सगळ्यांच्या घरात जातीस, टीव्हीला हात लावून बघतीस. माझ्या खोलीत एकदा तरी आलीस काय त्या टायमाला? दाराबाहीर कान लावतीस आणि जातीस."

गटाराच्या कडेला उभी राहून पोराचं असलं बोलणं ऐकायची वेळ कुणावर येऊ नये. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर दुसरा भोंगा झाला. गल्लीत कुठंतरी टीव्ही लागला, कुणाच्या तरी मालिकेतली सासू रडायला लागली. मी परसातून घरात आले.

त्या रात्री दोन वेळा नेमिनाथांना सांगावं म्हणून तोंडाशी आलं. सांगितलं असतं तर मी सुटले असते. पोरगं सांगलीला, अर्फाच्या कानाला बादली नाही, आणि मी आपली टीव्हीच्या पाठीवर हात ठेवत फिरायला मोकळी.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजल्यावर मी सरळ मेहरुनबीच्या दारात गेले. तिनं दार अर्धंच उघडलं.

"आता काय राहिलं बघायचं?"

"चष्मा आणलाय," मी म्हटलं. "सरक."

"कशाला?"

"बेदाणा निवडायला. पोरीचं हात सोडव."

मेहरुनबी माझ्याकडं बघत राहिली. तिची नजर मला ओळखीची वाटली, मी रोज दुसऱ्यांकडं तशीच बघते. "फुकट कोण करतंय, वैनी? तुमचं पोरगं पास करायचं म्हणून आला ना?"

"व्हय," मी म्हटलं. "त्याच्यासाठीच आले. दुसऱ्या कशासाठी येणार?"

ते ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. हेतू उघड असला, की माणूस दार पूर्ण उघडतं. मी आत जाऊन ताट मांडीवर ओढलं. अर्फा उभीच.

"बोटं बंद," मी तिला सांगितलं. "उत्तर द्यायचं न्हाई. कसं करायचं ते सांगायचं. मोठ्यानं. कर्ण्याला ऐकू जाईल असं. आणि एक धडा त्यानं वाचायचा, एक तू. बादली बास झाली."

पहिले दोन दिवस दोघं लाजली. तिसऱ्या दिवशी अर्फाचा संयम सुटला.

"आरं, छेद येगळं हायत न्हवं? मग तसंच कसं मिळवतोस? तुझ्या घरी शेर न पायली एकत्र मोजत्यात व्हय?"

"आमच्या दुकानात किलो हाय."

"मग किलोत ग्रॅम तसंच मिळव बघू! काय येतंय?"

तिकडं पेन्सिल कागदावर घासत राहिली. मग, "आगं, हां."

ते 'हां' मी ऐकलं. बादलीच्या धड्यात असलं 'हां' एकदाही आलं नव्हतं.

आमच्या गल्लीतला पहारा ढिला पडला, हे भामाबाईच्या लगेच लक्षात आलं. एका संध्याकाळी तिनं मेहरुनबीचं दार वाजवलंच नाही, ढकललं. बघते तर मी चष्मा लावून फतकल मारून बसलेली, पुढं बेदाणा.

"ही बघा पहारेकरीण!" ती कमरेवर हात देऊन म्हणाली. "भोंग्यात कामं चालल्यात."

"भोंग्यात टीव्ही बंद, मोबाइल बंद. बेदाणा बंद असं कुठं ठरलंय?"

"आवाज कुठं हाय पोरीचा?"

खिडकीतून अर्फा ओरडली, "आरं माठ्या, पुढचं चिन्ह बदललं न्हवं!" भामाबाई दचकली. मग तिनं इकडं तिकडं बघितलं, भिंतीवर टीव्ही नाही हे बघितलं, तरी कोनाड्यातल्या रेडिओच्या पाठीवर हात ठेवून बघितला. गार होता. जाताना मूठभर बेदाणे उचलून घेऊन गेली.

सहामाहीचे मार्क दिवाळीनंतर लागले. आर्जव गणितात पास झाला. काठावर, पण स्वतःच्या हातानं. अर्फा गणितातही पहिली आली, त्याचं आम्हाला नवल वाटलं नाही. मला वाटलं, संपलं. पण असला संशय मी एकटीच घेऊन जन्माला आले नाही. नेमिनाथ मार्कांचा कागद दोनदा उलटसुलट करून म्हणाले, "तीनवरनं हितं? एवढ्या दिवसात? कुणाचं बघून लिवलंय?"

"इचारा की त्येला."

"इचारून कोण खरं सांगतंय? बोर्डिंगचं ठरल्यालं हाय, तसंच ठेवू."

दुसऱ्या दिवशी मेहरुनबीकडं बसलेली असताना, खिडकीतून बोळात काहीतरी हललं. मी मान उंचावून बघितलं. नेमिनाथ. जेवून दुकानाला परत गेलेले, ते लवकर बंद करून, चपला हातात घेऊन, गटाराच्या कडेनं सरकत, दोन खिडक्यांच्या मधे, उजेड चुकवून भिंतीला पाठ लावून उभे. अगदी मी बसले होते तिथंच. मेहरुनबीनंही आकारावरून ओळखलं. तिनं माझा हात घट्ट धरला. मी तोंडावर बोट ठेवलं. पोरांना काही कळलेलं नव्हतं.

"आता हे तू एकट्यानं कर," अर्फा सांगत होती. "मी मधे बोलणार न्हाई."

आर्जवनं गणित वाचलं. मग करायला लागला, मोठ्यानं, अडखळत. एके ठिकाणी चुकला. थांबला. "न्हाई, न्हाई, थांब," म्हणून मागं गेला. कुणी बोट दाखवलं नाही. कुणी आवाज दिला नाही. माझ्या हातात एक देठ होता, तो तसाच. बोळात नेमिनाथांनी मान वर केली होती. ताटावर बसल्यावर असतात तसे नव्हते ते, खाली बघत नव्हते.

आर्जवनं उत्तर सांगितलं.

"बरोबर," अर्फा म्हणाली, आणि ठरल्याप्रमाणं बरोबर आल्याचा बेदाणा खिडकीतून फेकला. तिचा नेम चुकला. बेदाणा आर्जवपर्यंत गेला नाही, नेमिनाथांच्या खांद्यावर पडून खाली त्यांच्या पायाशी गेला.

"पडला गं," आर्जव म्हणाला. "दुसरा दे."

"एका उत्तराला एकच. फुडचं कर."

नेमिनाथ खाली वाकले. बेदाणा उचलून त्यांनी बोटांत धरला, फुंकर मारून पुसला. मग वर आभाळाकडं बघितलं. दिवस केव्हाच मावळला होता. त्यांनी बेदाणा सदऱ्याच्या खिशात ठेवला, सकाळसाठी, आणि आले तसे, चपला हातातच घेऊन, आवाज न करता बोळातून निघून गेले.

सकाळी बोर्डिंगला फोन करायचा होता. तो त्यांनी केला नाही. मी विचारलं नाही. संध्याकाळी दिवस असतानाच जेवायला बसले, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडून, खालीच बघत, म्हणाले,

"छेद येगळं असल्यावर काय करायचं असतंय रं, आर्जव?"

आर्जवनं सांगायला सुरुवात केली. भाकरी गार झाली.